चाळीस पॉइंटची पैज

वाचकाचं पत्र (ऑगस्ट २०२५ मधलं, नाव न छापण्याच्या विनंतीसह, थोडं संक्षिप्त करून):

"सप्रेम नमस्कार. मी मूळचा सांगलीचा. सध्या मिशिगनमध्ये कँटनला राहतो आणि गाड्यांच्या क्षेत्रात नोकरी करतो. ॲन आर्बरला एमएस केलं तेव्हापासून मिशिगन युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा भक्त आहे. गेला हंगाम फार वाईट गेला. आमचं पासिंग, म्हणजे चेंडू फेकून पुढे नेणं, बघवत नव्हतं. दर शनिवारी मी टीव्हीसमोर आरडाओरडा करायचो, क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, वाटेल ते बोलायचो. एकदा माझा तेरा वर्षांचा मुलगा मध्येच उठून वर निघून गेला. नंतर म्हणाला, 'बाबा, तू मॅच एकटाच बघत जा.'

यंदा नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (ऑफेन्स, म्हणजे आक्रमणाच्या खेळ्या आखणारा कोच) आलाय, देशातला एक नंबरचा क्वार्टरबॅक आलाय. मला वाटतं, यंदा दर मॅचला चाळीस पॉइंट कुठेच गेले नाहीत. माझा मेहुणा कोलंबसला असतो, आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी ओहायो स्टेटवाला. त्याच्याशी बोलताबोलता पैज मारून बसलो : हंगामाची सरासरी चाळीसच्या खाली आली, तर डिसेंबरात सगळ्या नातेवाइकांसमोर मी ओहायो स्टेटचा शर्ट घालून पंगत वाढणार. बायको म्हणते, सीझन सुरू व्हायच्या आधीच याच्या अंगात आलंय. ती चिडायला आणखी एक कारण आहे. ओक्लाहोमाची मॅच ६ सप्टेंबरला संध्याकाळी आहे. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी, आणि आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती असतो. मी किती अपेक्षा ठेवाव्यात? की ठेवूच नयेत?"

नमस्कार.

अपेक्षा ठेवूच नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ज्याला कसलीच अपेक्षा नाही, तो माणूस शनिवारी साडेतीन तास टीव्हीसमोर बसेल कशाला? पण तुमची अपेक्षा कशाची आहे आणि कोणाकडून आहे, हे वाचून मला काळजी वाटली. आधी आकड्यांचं बोलू, मग घरातलं.

गेल्या वर्षी, २०२४ मध्ये, मिशिगनची सरासरी होती सामन्याला २२ पॉइंटच्या आसपास. पासिंग सामन्याला साधारण १२९ यार्ड, म्हणजे वरच्या श्रेणीतल्या १३४ टीममध्ये १३१वा क्रमांक. तुम्ही मागताय चाळीस, म्हणजे एका उन्हाळ्यात अठरा पॉइंटची उडी. आता २०१९ची एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीची टीम, आठवा, कारण नव्या ऑफेन्सचं स्वप्न पाहणारा प्रत्येक चाहता तिच्याकडेच बोट दाखवतो. जो ब्रेडी नावाचा तरुण कोच न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक टीमकडून आला, क्वार्टरबॅक जो बरोने वर्षभरात ६० टचडाउन पास (चेंडू गोलरेषेपार पोचवणारे) टाकले आणि टीम १५-० करून विजेती ठरली. अलीकडच्या काळात याहून मोठा कायापालट मला तरी आठवत नाही. त्या टीमची सरासरी ३२ वरून ४८ वर गेली, म्हणजे सोळा पॉइंट. तुम्ही मेहुण्याशी त्याहूनही मोठ्या उडीची पैज मारून बसला आहात.

शिवाय एलएसयूकडे काय होतं तेही पाहा. बरो कॉलेजातल्या पाचव्या वर्षाला होता आणि आधीचा अख्खा हंगाम त्याच टीमसाठी खेळला होता. चेंडू झेलायला जस्टिन जेफरसन आणि जमार चेस. आणि ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही ती गोष्ट : देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या आणि धावायला वाट करून देणाऱ्या पाच जणांना) दिला जाणारा जो मूर पुरस्कार त्या वर्षी एलएसयूच्या लाइनला मिळाला. पुढच्या वर्षी बरो गेला, ब्रेडी गेला, बरेचसे खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले, आणि तीच एलएसयू ५-५ वर आली.

आता आपल्या मिशिगनचं. तुम्ही ॲन आर्बरला कधी शिकत होतात ते लिहिलं नाहीत, पण २००८ तुम्हाला ऐकून तरी माहीत असेल. मुख्य प्रशिक्षक लॉइड कार निवृत्त झाले आणि वेस्ट व्हर्जिनियातून रिच रॉड्रिगेझ आले. त्यांचा स्प्रेड ऑफेन्स (खेळाडूंना मैदानभर पसरवून खेळायची पद्धत) देशभर गाजलेला. लोक हत्तीवरून साखर वाटायच्या तयारीत होते. पण चॅड हेनी, माइक हार्ट, जेक लाँग यांचा कॉलेजचा काळ संपला होता, दोन मुख्य रिसीव्हर (पास झेलणारे) लवकर एनएफएलकडे गेले, आणि जागेवर उभं राहून लांब फेकणारा रायन मॅलेट, ज्याला या धावत्या ऑफेन्समध्ये स्वतःची जागा दिसेना, तो आर्कान्सोला गेला. उरले ते दुसऱ्याच पद्धतीसाठी निवडलेले खेळाडू. घरच्या मैदानावर टोलीडोकडून १३-१० ने हार झाली. हंगाम संपला ३-९ वर. सलग ३३ वर्षं बोल गेम (हंगामानंतरचा मानाचा सामना) खेळणारी टीम डिसेंबरात घरी बसली.

तुमच्यासाठी याच्यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. तो ऑफेन्स पुढे खरंच जमला! २०१० मध्ये डेनार्ड रॉबिन्सनने क्वार्टरबॅक असून १,७०२ यार्ड धावून काढले. नोत्र दामविरुद्ध एकट्याच्या खात्यावर धावून आणि फेकून मिळून ५०२ यार्ड. जे वचन दिलं होतं ते तिसऱ्या वर्षी आलं. पण तोवर डिफेन्स इतका ढासळला होता की इलिनॉयविरुद्ध तीन ओव्हरटाइमनंतर ६७-६५ असा जीव मुठीत धरून विजय मिळवावा लागला, आणि जानेवारी २०११ मध्ये रॉड्रिगेझना काढलं. दर मॅचला चाळीस पॉइंट मागणाऱ्या माणसाने तो ६७-६५चा सामना एकदा पुन्हा बघावा. पॉइंट तर भरपूर होते.

दुसरी वेळ २०१९ची. जॉश गॅटिस अलाबामाहून ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून आले. त्यांची घोषणा होती 'स्पीड इन स्पेस' : चपळ खेळाडूंना मोकळ्या जागेत चेंडू द्या, ते पळतील. ती घोषणा टी-शर्टांवर आली. सप्टेंबरात आर्मीविरुद्ध घरच्या मैदानावर दोन ओव्हरटाइमनंतर जेमतेम २४-२१ सुटका झाली, मग विस्कॉन्सिनने ३५-१४ धुतलं. हंगाम ९-४. करोनाच्या वर्षात २-४. चाहत्यांनी गॅटिस यांना कधीच मोडीत काढलं होतं. आणि मग २०२१. बारा विजय, बिग टेन या आपल्या लीगचं विजेतेपद, आणि गॅटिस यांना वर्षातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचा ब्रॉइल्स पुरस्कार.

ते यश 'स्पीड इन स्पेस'ने मिळालं का? २७ नोव्हेंबर २०२१चा ओहायो स्टेटचा सामना आठवा. बर्फ पडत होता. हसन हॅस्किन्स १६९ यार्ड धावला आणि त्याने पाच टचडाउन केले. ४२-२७. दहा वर्षांत पहिल्यांदा ओहायो स्टेटला हरवलं, ते समोरच्या लाइनला ढकलत, मधून वाट काढत, सरळ अंगावर जाऊन. जो मूर पुरस्कार त्या वर्षी मिशिगनच्या लाइनला मिळाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. त्या लाइनचे कोच होते शेरॉन मूर. म्हणजे २०२५च्या या हंगामातले तुमचे मुख्य प्रशिक्षक.

माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं इथेच आहे. नवा ऑफेन्स ज्या नावाने जाहीर होतो त्या रूपात तो क्वचितच येतो. शेवटी खेळ तसाच होतो जसा मुख्य प्रशिक्षकाचा स्वभाव असतो आणि जशी त्याची लाइन असते. शेरॉन मूर यांचा स्वभाव काय आहे ते ११ नोव्हेंबर २०२३ला पेन स्टेटमध्ये सगळ्यांनी पाहिलं. तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांच्यावर बंदी होती, सूत्रं मूर यांच्याकडे होती. दुसऱ्या अर्ध्यात, अधिकृत नोंदीनुसार, मिशिगनने एकही पास टाकला नाही. सलग ३२ वेळा चेंडू घेऊन धावले आणि २४-१५ जिंकले. पुढे एनएफएलच्या पहिल्या फेरीत निवडला गेलेला क्वार्टरबॅक जे. जे. मॅकार्थी हाताशी असताना! त्या वर्षी टीम १५-० झाली, देशाची विजेती झाली, आणि तेव्हाही सरासरी ३६च्या आतच होती. चाळीसची सरासरी २०२२ मध्ये ओलांडली होती, तीही रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ब्लेक कोरमच्या पायांवर आणि त्या पुरस्कारविजेत्या लाइनच्या जोरावर.

आणि नवे कोऑर्डिनेटर चिप लिंडझी? नॉर्थ कॅरोलायनात २०२३ मध्ये त्यांच्याकडे क्वार्टरबॅक ड्रेक मे होता, तेव्हा चेंडू हवेत होता. २०२४ मध्ये मे गेला, तर त्यांनी ओमारियन हॅम्प्टनला धावायला लावलं, आणि तो १,६६० यार्ड धावला. म्हणजे हा माणूस हाताशी जे आहे त्यातून ऑफेन्स उभा करतो. मला त्यांची निवड आवडली ती याचमुळे. यंदा हाताशी काय आहे? अलाबामाहून आलेला रनिंग बॅक जस्टिस हेन्स आहे. गेल्या वर्षी सर्वांत जास्त झेल घेणारा कोल्स्टन लव्हलँड नाही, तो शिकागो बेअर्सकडे गेला. लाइनमधले काही अनुभवी खेळाडूही गेले. मग मूर आणि लिंडझी मिळून काय करतील? धावतील. लिंडझी मूर यांचं मन वळवून दर सामन्याला चाळीस वेळा चेंडू हवेत उडवतील, असं धरून बसलात तर नोव्हेंबरपर्यंत तुम्ही दोघांनाही शिव्या देत असाल.

आता ब्राइस अंडरवुड, तुमचा तो एक नंबरचा क्वार्टरबॅक. पहिल्या सामन्यापासून तोच खेळेल असं सगळे धरून चाललेत. तो तुमच्या कँटनजवळच्या बेलव्हिलचा. गेल्या वर्षी या दिवसांत तो तिथल्या हायस्कूलकडून खेळत होता. या महिन्यात अठरा वर्षांचा झाला. वसंतात टीमला सराव मिळतात पंधरा. हंगाम सुरू झाला की कॉलेजच्या नियमाने आठवड्याला वीस तास, आणि उरलेल्या वेळात वर्ग, परीक्षा, सगळं.

त्या वेळात तो काय शिकतोय याची कल्पना यावी म्हणून एकच खेळी सांगते. तिला आरपीओ (रन-पास ऑप्शन) म्हणतात. क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि शेजारून निघालेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो. नजर मात्र समोरच्या लाइनबॅकरवर (बचावाच्या लाइनमागे उभा असलेला खेळाडू). तो धाव रोखायला पुढे आला, तर चेंडू पोटाशी धरलेला काढून घ्यायचा आणि लाइनबॅकरने सोडलेल्या जागेत तिरप्या पळणाऱ्या रिसीव्हरला फेकायचा. तो जागेवरच थांबला, तर चेंडू रनिंग बॅककडे सोडून द्यायचा. हे ठरवायला पुरता सेकंदही मिळत नाही. दरम्यान लाइनमधले पाचही जण धावण्याच्या खेळीसारखेच पुढे रेटत असतात, कारण चेंडू कुठे जाणार हे त्यांना माहीत नसतं. नियम असा की पास टाकायचा तर ते तीन यार्डांपलीकडे गेलेले चालत नाहीत. क्वार्टरबॅकने निर्णयाला पापणी लवण्याइतका उशीर केला की लाइनमधला गार्ड चौथ्या यार्डावर पोचलेला असतो आणि पिवळा रुमाल, म्हणजे दंडाची खूण, पडतो. टीव्हीवर नाव येतं गार्डचं. घराघरांत शिव्या गार्डला. आणि त्या मुलाने त्याचं काम अगदी बरोबर केलेलं असतं.

हीच खेळी ओक्लाहोमात, ऐंशी हजार माणसं कानठळ्या बसवत असताना, दुसऱ्याच सामन्यात करायची आहे. दमदार हाताचा, पण पहिल्याच वर्षाचा मुलगा. काही वेळा चुकेल, आणि चुकायलाच हवा.

म्हणून अपेक्षा ठेवा, पण सप्टेंबरात स्कोअरबोर्डकडून नको. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड काढायच्या तिसऱ्या प्रयत्नाला) किती यार्ड उरलेत ते पाहत जा. दोन-तीन उरत असतील तर ऑफेन्स रुळावर आहे, नऊ-दहा उरत असतील तर पहिल्या दोन डाउनमध्ये काहीतरी फसतंय. चेंडू सुटल्यावर पहिला सेकंदभर चेंडूकडे बघू नका. डावा टॅकल आणि गार्ड यांच्यामधून कोणी घुसतंय का ते बघा. आणि खेळी सुरू व्हायच्या आधी अंडरवुड हातवारे करून लाइनला काही सांगतो का, की नुसता बाजूच्या रेषेकडे बघत राहतो, यावर लक्ष ठेवा. न्यू मेक्सिकोच्या सामन्यात सगळं गोड दिसेल, त्यावर भाळू नका. ओक्लाहोमात काही कडू दिसेल, त्यावरही निकाल देऊ नका. १८ ऑक्टोबरला घरच्या मैदानावर वॉशिंग्टनशी सामना आहे, त्या दिवशी धनत्रयोदशी. तोवर नेब्रास्का, विस्कॉन्सिन, यूएससी सगळे होऊन गेलेले असतील. तेव्हा मात्र खुशाल मत बनवा आणि ठामपणे मांडा. तोवर सुधारणा दिसली नाही, तर कोऑर्डिनेटरवर टीका करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यासाठीच त्याला लाखो डॉलर पगार मिळतो.

खेळाडूंची गोष्ट वेगळी. तुम्ही गेल्या वर्षी ज्याला वाटेल ते बोलत होतात, त्या डेव्हिस वॉरनबद्दल तुमच्या मुलाला काय माहीत आहे हे मला माहीत नाही, पण तुम्हाला माहीत असायला हवं. हायस्कूलमध्ये असताना त्याला ल्युकेमिया झाला होता. त्यातून बरा होऊन तो शिष्यवृत्तीशिवाय, वॉक-ऑन म्हणून टीममध्ये आला. गेल्या नोव्हेंबरात कोलंबसला ओहायो स्टेटला १३-१० हरवलं, तेव्हा क्वार्टरबॅक तोच होता. पासिंग त्या दिवशीही बेतास बात होतं. तुम्ही नाचलात की नाही? पुढे बोल गेममध्ये अलाबामाविरुद्ध त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, तरी टीम १९-१३ जिंकली.

तुमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. अंडरवुड त्याच्यापेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठा. त्याला टीव्हीवर दिसतो तो एक मोठा मुलगा, जो जीव तोडून काहीतरी अवघड करतोय आणि चुकतोय. आणि सोफ्यावरून स्वतःचा बाप त्या मुलाला नालायक म्हणतोय. तो वर निघून गेला, याचं कारण फुटबॉल नव्हे. गणितात चुकलो तर बाबा माझ्याबद्दलही असंच बोलत असेल का, हा प्रश्न त्या वयात मनात येतो, आणि मुलं तो विचारत नाहीत. तुम्हीच आपण होऊन बोला. "गेल्या वर्षी मी त्या खेळाडूंना फार वाईट बोललो, यंदा बोलणार नाही," एवढंच म्हणा, लांबण लावू नका. आणि लगेच "मग बसशील ना माझ्याबरोबर?" असं विचारू नका. बसायचं तेव्हा तो येऊन बसेल. आला, तर तिसऱ्या डाउनचा हिशेब त्याच्याकडे द्या. या वयाच्या मुलांना असली वही भरायला आवडते, आणि तो तुमच्यापेक्षा चोख ठेवेल.

बायकोचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. ६ तारखेला संध्याकाळी सामना आहे, मग विसर्जन दुपारीच करून घ्या. उत्तरपूजा, आरती, नैवेद्य, सगळं निवांत होऊ द्या, आणि त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. रात्रीचा उरलेला स्वयंपाक तिच्यावर टाकून तुम्ही सोफा गाठलात, तर या घरात फुटबॉल हा शब्द कायमचा कडू होईल. त्या दिवशीचं जेवण तुम्ही बाहेरून मागवा किंवा स्वतः करा.

मेहुण्याला आजच फोन लावा. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं हे चाललंय. टीमने अजून एक चेंडूही टाकला नाही आणि तुम्ही शर्टाच्या रंगापर्यंत पोचलात. सरासरीची पैज मोडीत काढा. तो हसेल, हसू द्या. त्याच्या टीमला तुम्ही लागोपाठ चार वर्षं हरवलंय, तेवढं हसणं तुम्हाला परवडतं. पैज लावायचीच असेल तर २९ नोव्हेंबरच्या सामन्यावर लावा. तो ॲन आर्बरला आहे. त्या दिवशी जो हरेल त्याने डिसेंबरात पंगत वाढावी, अंगात कुठलाही शर्ट असो.

आणि वॉशिंग्टनच्या सामन्याची तिकिटं काढायचा विचार असेल, तर धनत्रयोदशीची पूजा किती वाजता करायची हे आधी बायकोला विचारा, मग मुलाला विचारा, आणि मग काढा.